सुईची साक्ष
(नभोवाणीवरील भाषण)



काही दुखणी पाहुण्यासारखी येतात आणि चार दिवस राहून निघून जातात. सांधेदुखी मात्र बिऱ्हाड करून राहते. पहाटे उठावे तो हाताची मूठ मिटत नाही, जिना उतरताना गुडघ्यातून कळ निघते, आणि पावसाळी हवा सुटली की खांदा, मनगट, घोटा असे एकेक सांधे आपली ओळख करून देऊ लागतात. या दुखण्याने माणूस सहसा दगावत नाही. म्हणून घरची मंडळीही काही दिवसांनी त्याची विचारपूस करीनाशी होतात. रोगी मात्र उपाय करीतच असतो. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल, बिब्बा, तुंबडी, क्वचित तापलेल्या सळईचा डाग, यांपैकी आपल्या जुन्या पिढीने काय केले नाही? आजचा रोगी गोळ्या घेतो, मलम चोळतो, आणि एवढे करूनही रात्री डोळा लागला नाही म्हणजे कोणीतरी त्याला हळूच सांगते, "एकदा सुया टोचून पाहा. आमच्या काकूंना फार गुण आला."

सुया टोचण्याच्या या उपचारास अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. आपण त्यास सूचिचिकित्सा म्हणू. या चिकित्सेचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे. तो पाहू लागले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ही विद्या देशोदेशी पसरली ती पंडितांच्या ग्रंथांमुळे जेवढी, तेवढीच किंवा त्याहून अधिक रोग्यांच्या तोंडून. "मला बरे वाटले" या तीन शब्दांनी तिने समुद्र ओलांडले. तेव्हा या तीन शब्दांची किंमत किती धरावी, हाच या इतिहासातील खरा प्रश्न होय.

प्रारंभ अर्थात चीन देशापासून करावयाचा. तेथील वैद्यकाचा आद्य ग्रंथ म्हणजे 'ह्वांगडी नेइजिंग', अर्थात पीतसम्राटाचा वैद्यकग्रंथ. तो ख्रिस्तपूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास आकारास आला असे अभ्यासक मानतात. त्यात सांधेदुखीवर स्वतंत्र प्रकरण आहे. वारा, थंडी आणि ओल ही तीन एकत्र येऊन शरीरात शिरली म्हणजे 'बी' नावाचा विकार होतो, असे तेथे सांगितले आहे. वाऱ्याचे प्राबल्य असेल तर वेदना या सांध्यातून त्या सांध्यात फिरते, थंडीचे असेल तर ती तीव्र होते, आणि ओलीचे असेल तर ती एका जागी ठाण मांडून बसते. आपल्या माधवनिदानातील आमवाताचे वर्णन ज्यांनी वाचले असेल त्यांना हे फार परके वाटणार नाही. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनी एकच दुखणे डोळसपणे पाहिले होते.

एवढ्यावरून सूचिचिकित्सा मूळची आपलीच, असे म्हणण्याचा मोह काही जणांना होतो. तो आवरला पाहिजे. सुश्रुतसंहितेत शिरावेध आहे, अग्निकर्म आहे, जळवा लावणे आहे. परंतु ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून आतील प्रवाह सुरळीत करावयाचा, ही पद्धती चिनी लोकांचीच. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, ती अडली की वेदना होते, आणि सुईने अडसर दूर करता येतो, अशी त्यांची कल्पना. १९६८ साली उत्तर चीनमधील मानचेंग येथे ल्यू शेंग या राजपुत्राची कबर उघडण्यात आली. त्याचा मृत्यू ख्रिस्तपूर्व ११३ मधील. त्या कबरीत सोन्याच्या चार व चांदीच्या पाच सुया मिळाल्या. उलट मावांगद्वे येथे ख्रिस्तपूर्व १६८ मध्ये पुरलेल्या रेशमी पोथ्या १९७३ साली सापडल्या, त्यांत या मार्गांचे वर्णन आहे, शेक देऊन डागण्याचा उपचार आहे, पण सुयांचा उल्लेख नाही. यावरून शेक आधीचा आणि सुई मागाहूनची असावी असा तर्क निघतो.

या शेकाचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढे युरोपात प्रथम गेला तो हाच. आपल्या दवण्याच्या जातीतील एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून त्यांचा कापसासारखा लोकर करतात. त्याची लहानशी गोळी दुखऱ्या भागाजवळ ठेवून पेटवतात. जपानी भाषेत या औषधीस 'मोगुसा' म्हणतात. त्यावरून युरोपियनांनी 'मोक्सा' हा शब्द केला. चीनमध्ये सुई आणि शेक ही जोडीच असून दोहोंचे मिळून एकच नाव आहे.

या विद्येचा पहिला पद्धतशीर ग्रंथ लिहिणारा ह्वांगफू मी हा इसवी सन २१५ ते २८२ या काळात होऊन गेला. तो मूळचा वैद्य नव्हे. साहित्य व इतिहास यांचा व्यासंगी. चाळिशीच्या सुमारास वातव्याधीने त्याचे अंग जखडले, ऐकूही कमी येऊ लागले, आणि तेव्हा तो वैद्यकाच्या पोथ्यांकडे वळला. त्याने विखुरलेले जुने ज्ञान एकत्र करून बिंदूंची स्थाने नोंदविली. रोग्याने वैद्यकाची परंपरा घडविल्याचे या इतिहासातील हे पहिले ठळक उदाहरण होय. पुढे सुंग राजवटीत, १०२७ साली, वांग वेइयी याने पितळी मनुष्याकृती ओतविल्या. त्यांवर प्रत्येक बिंदूच्या जागी छिद्र होते. आकृतीवर मेणाचा लेप देऊन आत पाणी भरीत. विद्यार्थ्याची सुई अचूक बसली तर पाणी बाहेर येई. चुकली तर सुई आतच शिरत नसे. परीक्षेची ही तऱ्हा आम्हां शिक्षकांस हेवा वाटावा अशीच आहे!

आता ही विद्या पश्चिमेकडे कशी गेली ते पाहू. येथे आपल्या गोमंतकाचा थोडा संबंध येतो. १५४९ च्या एप्रिलमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला जपानमधील कागोशिमा बंदरास लागले. त्यांच्या मागोमाग गोव्यात शिक्षण घेतलेले जे धर्मगुरू गेले त्यांत लुईस फ्रोइस हे मोठे चौकस गृहस्थ होते. त्यांनी १५८५ साली युरोपियन आणि जपानी यांच्या चालीरीतींची तुलना करणारे एक टिपण लिहिले. त्यात त्यांनी नोंदविले आहे की, आमच्याकडे रोग्याचे रक्त काढतात, तर जपानी लोक वनस्पतीच्या गोळीने त्यास डागतात. हे टिपण त्या काळी छापले गेले नाही. १६३९ साली जपानने पोर्तुगीजांस देशाबाहेर काढले आणि युरोपशी जपानचा व्यवहार पुढे केवळ डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती राहिला.

या कंपनीचे ठाणे जावा बेटावरील बटाव्हिया येथे होते. तेथे हेर्मान बुसकोफ नावाचा एक डच पाद्री होता. त्याला पायाच्या अंगठ्याचा गाउट, आपण वातरक्त म्हणतो तो विकार, जडला होता. कंपनीच्या डॉक्टरांचे उपाय हरले. अखेर एका स्थानिक वैदिणीने त्याच्या पायावर मोक्साचा शेक दिला, आणि वेदना थांबली. पाद्रीबोवांनी यावर पुस्तकच लिहिले; ते १६७५ साली अ‍ॅम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाले व पुढल्याच वर्षी लंडनमध्ये इंग्रजीत निघाले. सर विल्यम टेंपल हे इंग्रज मुत्सद्दी १६७७ साली नेइमेखन येथे तहाच्या वाटाघाटींत गुंतले असता त्यांचाही पाय गाउटने सुजला. एका डच मित्राने त्यांना या शेकाची माहिती दिली. टेंपलसाहेबांनी तो करून पाहिला, त्यांना आराम पडला, आणि त्यांनीही त्यावर निबंध लिहिला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. पाद्री खोटे बोलत नव्हता, मुत्सद्दीही नव्हता. परंतु गाउटचा झटका हा बहुधा आठ-पंधरा दिवसांत उपचारांवाचूनही ओसरतो, हे आज आपणांस ठाऊक आहे. मनुष्य नवा उपाय करतो तो वेदना अगदी असह्य झाल्यावर. आणि भरतीनंतर ओहोटी ही यायचीच. मग उतार पडला तो शेकाने की काळाने? एकट्या रोग्याच्या साक्षीवरून हे कधीही ठरविता येत नाही. "मला बरे वाटले" हे खरे असते. "अमक्यामुळे बरे वाटले" हे सिद्ध करावयाचे असते. या दोन वाक्यांतील अंतर ओलांडावयास वैद्यकाला पुढे तीनशे वर्षे लागली.

सुईस युरोपात नाव मिळाले तेही सांधेदुखीच्याच निमित्ताने. विलेम टेन ऱ्हाइने हा तरुण डच डॉक्टर १६७४ ते १६७६ पर्यंत नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर कंपनीच्या नोकरीत होता. जपानी दुभाष्यांच्या साहाय्याने त्याने तेथील वैद्यांकडून माहिती मिळविली, आकृत्या जमविल्या, आणि १६८३ साली लंडनमध्ये संधिवातावर एक लॅटिन प्रबंध छापला. त्याला जोडलेल्या भागात सुईच्या उपचारास त्याने 'अ‍ॅक्युपंक्चुरा' म्हटले. लॅटिनमध्ये 'अ‍ॅकस' म्हणजे सुई. आज जगभर रूढ असलेला शब्द असा सांधेदुखीच्या पुस्तकातून आला आहे. गंमत अशी की चिनी आकृत्यांवरील रेषा म्हणजे रक्तवाहिन्याच असाव्यात असे टेन ऱ्हाइनेने धरले. त्याच्या डोक्यात युरोपातील शरीरशास्त्र होते. 'ची'चे मार्ग त्यास कोठून दिसणार?

यानंतर सव्वाशे वर्षे युरोपात फारसे काही घडले नाही. मग फ्रान्समध्ये लुई बेर्लियोझ या डॉक्टराने १८१० पासून रोग्यांवर सुया वापरून १८१६ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. प्रख्यात संगीतकार हेक्टर बेर्लियोझ हा त्याचाच मुलगा. लंडनमध्ये जेम्स चर्चिल या शस्त्रवैद्याने १८२१ साली स्नायू व सांध्यांच्या वातावर सुया टोचल्याचे वृत्त दिले. १८२५ साली सार्लांदियेर याने पॅरिसमध्ये सुईतून विजेचा प्रवाह सोडून वातरोग्यांवर प्रयोग केले. आणि नेमक्या याच सुमारास, १८२२ साली, पेकिंगच्या दरबाराने आपल्या राजवैद्यकीय संस्थेतून सूचिचिकित्सेचे शिक्षण बंद करून टाकले! पॅरिस आणि लंडन ज्या विद्येचा कौतुकाने प्रयोग करीत होते ती तिच्या माहेरच्या दरबारातून हद्दपार होत होती.

पुढे युरोपातील उत्साहही मावळला. तरी सर विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या थोर डॉक्टराने १८९२ सालच्या आपल्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात कंबर धरली असता तीन-चार इंच लांबीच्या सुया टोचाव्यात अशी शिफारस केली आहे. बायकांच्या टोपीच्या सुया निर्जंतुक करून घेतल्या तरी चालतील, असेही ते सांगतात. त्यात ना 'ची'चे मार्ग होते ना नेमके बिंदू. दुखेल तेथे टोचावयाचे, एवढेच. म्हणजे सुई तीच राहिली, पण तिच्यामागचे तत्त्वज्ञान देशागणिक पालटत गेले.

चीनमध्ये १९२९ साली जुने वैद्यक साफ बंद करण्याचा ठराव सरकारी आरोग्य समितीने केला. देशी वैद्यांनी त्याविरुद्ध एवढे काहूर उठविले की तो अमलात आला नाही. १९४९ नंतर नव्या राजवटीपुढे अफाट लोकसंख्या आणि मूठभर डॉक्टर अशी अडचण होती. तेव्हा देशी वैद्यांस सरकारी दवाखान्यांत स्थान मिळाले आणि सुई पुन्हा प्रतिष्ठा पावली.

येथेच आपल्या लोकांचा संबंध येतो. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस १९३८ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय सभेतर्फे पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. पथकप्रमुख डॉ. अटल, त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे दोघे बंगाली. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच निवर्तले. ते शस्त्रवैद्य होते आणि त्यांची कीर्ती युद्धभूमीवरील शस्त्रक्रियांची आहे. डॉ. विजयकुमार बसू मात्र परतले. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा चीनला गेले, तेथे सूचिचिकित्सा शिकले आणि कलकत्त्यास येऊन त्यांनी ती सुरू केली. भारतात ही विद्या रुजली ती मुख्यतः त्यांच्या हातून. त्यांनी आपल्या दिवंगत सहकाऱ्याची आठवण जागी ठेवली. म्हणूनच पुढे बंगालपासून पंजाबातील लुधियान्यापर्यंत सुईच्या दवाखान्यांवर आपल्या सोलापूरच्या कोटणिसांचे नाव झळकू लागले.

जगभर गवगवा झाला तो आणखी एका रोग्यामुळे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन १९७१ च्या जुलैमध्ये पेकिंगला असता त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीच्याच भुलीच्या औषधांनी झाली. पुढे पोट फुगून वेदना होऊ लागल्या तेव्हा कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचून व शेक देऊन त्यांना आराम देण्यात आला. २६ जुलैच्या अंकात त्यांनी ही हकीकत छापली. १९७२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत सुयांची लाटच आली. पुन्हा एका रोग्याची साक्ष, पुन्हा तेच तीन शब्द!

अशा साक्षींत माझीही एक भर घालतो. आम्हां शिक्षकांचा व्यवसाय उभ्याने करावयाचा. वीस-बावीस वर्षे फळ्यापुढे काढल्यावर माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला. कूर्चा झिजली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्याच संमतीने मी दहा वेळा सुया टोचून घेतल्या. सुई केसाहून थोडी जाड, भरीव. तिच्यात औषध नसते. टोचताना मुंगी चावल्याइतके कळते. मग आत एक जडशी, बधिर ठणक उमटते. चिनी वैद्य तिला 'देची' म्हणतात आणि सुई बसल्याची खूण मानतात. वीस-पंचवीस मिनिटे स्वस्थ पडून राहावयाचे. मला पुढे काही आठवडे रात्रीची ठणक कमी जाणवली, झोप बरी लागली. जिना मात्र होता तसाच अवघड राहिला. ही एकाच माणसाची साक्ष आहे. तिच्यावर कोणी शिक्का मारू नये.

शिक्का मारावयाचा तर पुष्कळ साक्षी एकत्र आणि शिस्तीने ऐकाव्या लागतात. जर्मनीत गुडघ्याच्या झिजेच्या एक हजार सात रोग्यांवर असा प्रयोग होऊन २००६ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे तीन गट केले. एकास शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्यास भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्यास सुयांवाचून नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरांपैकी ५३ जणांस ठरविलेल्या मापाइतका उतार पडला होता, तिसऱ्यात २९ जणांस. म्हणजे सुई जिंकली म्हणावयाची. पण दुसऱ्या, खोट्या सुयांच्या गटाचे काय? तेथे ५१! पितळी पुतळ्यावर अनुत्तीर्ण ठरली असती ती सुईही जिवंत गुडघ्यावर जवळजवळ तेवढेच काम करून गेली.

पुढे निरनिराळ्या देशांतील ३९ प्रयोगांतील जवळजवळ २१ हजार रोग्यांची माहिती एकत्र करून २०१८ साली जो निष्कर्ष काढला, तो असा : सुया न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांस दीर्घकालीन वेदनेत स्पष्ट फायदा दिसतो व त्याचा बराच भाग वर्षभर टिकतो, खऱ्या सुईचा खोट्या सुईवरील वरचष्मा मात्र लहानसाच आहे. या आकडेवारीचा अर्थ सर्वांस सारखा लागत नाही. जर्मनीने २००७ पासून गुडघ्याची झीज व जुनी कंबरदुखी यांसाठी सुयांचा खर्च आरोग्यविम्यातून देण्याचे ठरविले. ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी सुया देऊ नयेत असे सांगितले. आपल्या केंद्र सरकारने २००३ साली या पद्धतीस उपचाराचे एक साधन म्हणून परवानगी दिली.

मग हा सगळा मनाचा खेळ म्हणावयाचा काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. वेदना ही केवळ गुडघ्यात नसते; मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत जाणाऱ्या वाटेवर तिला कमी-अधिक करणारी दारे असतात, हा विचार १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी मांडला. अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते हे १९७५ साली सिद्ध झाले. सुईचे टोचणे, अंग शिथिल करून पडणे, उपचारकाचे लक्ष, बरे वाटेल ही आशा, या सर्वांनी ती दारे थोडीफार मिटत असावीत. 'ची'चे मार्ग शवविच्छेदनात कोणास दिसले नाहीत. परंतु आराम पडलेल्या माणसाची झोप खोटी नसते. उपाय उपयोगी पडणे आणि त्याची जुनी उपपत्ती खरी असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

आणखी एक भेद आहे, आणि तो प्रत्येक घरात समजला पाहिजे. झिजेचा संधिवात वेगळा आणि ज्यात शरीराची संरक्षक शक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, वेगळा. हा दुसरा रोग पुष्कळदा तरुण स्त्रियांस जडतो. सकाळी तास तास बोटे आखडलेली असतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात. त्यास आवर घालणारी औषधे आज उपलब्ध आहेत, ती वेळीच सुरू केली तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. सुईने या रोग्याची वेदना काही काळ कमी होईलही, पण सांधा आतून पोखरला जाणे तिने थांबते असा पुरावा नाही. वेदना कमी झाली म्हणून औषध सोडून देणारी सून किंवा लेक घरात असेल तर तिला समजावून सांगणे हे घरच्यांचे कर्तव्य होय. गेलेला सांधा परत मिळत नाही.

ज्याला सुया टोचून घ्यावयाच्या असतील त्याने अवश्य घ्याव्यात. मात्र आधी रोगाचे निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे, चालू औषध त्यांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये, आणि प्रत्येक वेळी नवी, निर्जंतुक, एकदा वापरून टाकून देण्याची सुई आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. सहा-आठ वेळा करून काहीच फरक न पडला तर निमूटपणे थांबावे. आणि कोणी तुम्हांस "मला बरे वाटले" असे सांगितले तर त्याची थट्टा करू नये. पीतसम्राटाच्या काळापासून आजतागायत दुखऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखे तेवढेच असते. ते आपण आस्थेने ऐकावे, त्यात आनंद मानावा, आणि आपल्या स्वतःच्या गुडघ्याचा निर्णय मात्र शांतपणे, चार प्रश्न विचारून करावा.